एअर डेक्कनच्या रॅम्पवर शिकलेलं सगळं

२००५ साली, सव्वीस जुलैचा पूर ओसरून मुंबई जरा ताळ्यावर आली होती तेव्हा, मी एअर डेक्कन या स्वस्त तिकिटाच्या विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये लागले आणि किंगफिशरने कंपनी घेऊन तिचं नाव पुसेपर्यंत तिथेच होते. आता कुठेही एअर डेक्कनचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात, एक रुपयाचं तिकीट आणि विजय मल्ल्या. मधलं सगळं गायब. एवढ्या कमी पैशात माणूस नेणं जमायचं कसं, ते कोण करायचं, किती मिनिटांत करायचं हे कोणी सांगतच नाही. मला तेच सांगायचंय, कारण ते तिकीट म्हणजे नुसती जाहिरात नव्हती, पहाटेपासून रात्रीपर्यंत रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, जे चालायचं त्यातून ते निघायचं, आणि ती कामाची पद्धत मोडली तसं तिकीटही गेलं.

तर लागले कशी ते आधी. पेपरात वॉक-इनची जाहिरात होती, अंधेरीच्या एका हॉटेलात. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून गेले, बरोबर आई, कारण विमानतळ म्हणजे रात्रीची ड्यूटी आणि आईला त्या लोकांचे चेहरे बघायचे होते. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या आधीच्या मुली सांगत होत्या की उंची मोजतात, चेहऱ्यावरचे डाग बघतात, इंग्लिश झाडून घेतात. माझ्या वेळी यातलं काही झालं नाही. कुठल्या कुठल्या भाषा येतात ते विचारलं, आणि मग समोरच्या मॅडमनी विचारलं की जन्मात पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस तुझ्या काउंटरला आला तर त्याला तू काय सांगशील. मी तोपर्यंत विमानात बसलेच नव्हते, तर मी जे मला स्वतःला विचारावंसं वाटलं असतं तेच सांगितलं, की सामान आत्ता इथे घेतात ते परत कुठे मिळतं, बाथरूम आहे का, पट्टा कसा लावायचा, आणि कान दुखले तर घाबरू नका. दोन दिवसांनी फोन आला.

फोन आला म्हणजे नोकरी सुरू झाली असं नसतं एअरपोर्टवर. आधी मेडिकल, मग पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे आपल्या हद्दीच्या पोलीस स्टेशनला फोटो, रेशनकार्ड आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन खेटे घालायचे, ते कागद बीसीएएसकडे, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याकडे जायचे, तिथून पास आला की मग आत. पासावर कुठल्या भागात जाता येतं त्याची अक्षरं असतात, आणि रॅम्पवर जायची परवानगी नसेल तर तुम्ही काचेच्या अलीकडचेच. तो पास येईपर्यंत आम्हाला वर्गात बसवलं.

वर्गातलं शिक्षण मला फार आवडलं, खरंच. शहरांचे तीन अक्षरी कोड पाठ करायचे, आल्फा ब्राव्हो चार्ली घोकायचं, धोकादायक मालाचे ९ वर्ग शिकायचे. तिथे पहिल्यांदा कळलं की सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून. पुढे काउंटरवर हे किती आज्यांना समजावलं त्याला गणती नाही, नारळाची वाटी पिशवीतून काढून ठेवताना त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा.

आम्हाला शिकवायला एक सर होते, ते आधी दमानियामध्ये होते. दमानिया म्हणजे मुंबईचीच एअरलाइन, १९९३ ला सुरू झालेली, काही वर्षांतच एनईपीसी नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि संपली. सर शिकवता शिकवता जुनं सांगायचे. १९५३ मध्ये सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, मग चाळीसेक वर्षं देशात फिरायचं तर इंडियन एअरलाइन्स, दुसरं काही नाही. नव्वदीच्या सुरुवातीला दार किलकिलं झालं, ईस्ट-वेस्ट आली, दमानिया आली, मोदीलुफ्त आली, १९९४ ला तो जुना कायदाच रद्द झाला, आणि दशक संपेपर्यंत यातल्या बहुतेक सगळ्या बंद. टिकली ती जेट आणि सहारा. सरांचं म्हणणं असं होतं की या सगळ्या कंपन्या त्याच त्या थोड्या श्रीमंत गिऱ्हाइकासाठी भांडत राहिल्या, नवीन माणूस कोणी आणलाच नाही. डेक्कन वेगळी आहे कारण ती रेल्वेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे बघतेय. मला तेव्हा ते भाषण वाटलं होतं, नंतर काउंटरवर उभी राहिल्यावर पटलं.

एअर डेक्कन काढणारे कॅप्टन गोपीनाथ, आम्ही सगळे नुसतं कॅप्टन म्हणायचो, कर्नाटकातल्या हसन जिल्ह्यातल्या गोरूर गावचे. सैन्यात होते, १९७१ च्या युद्धात होते, मग नोकरी सोडून शेती केली, रेशमाचे किडे पाळले, त्या शेतीसाठी १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कारही मिळाला. मग हेलिकॉप्टर भाड्याने द्यायचा धंदा काढला आणि त्यातून २००३ च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कन, बंगळुरू-हुबळीपासून सुरुवात. त्याच सप्टेंबरात हैदराबाद-विजयवाडाचं उद्घाटनाचं उड्डाण होतं, आत व्यंकय्या नायडूंसारखे नेते, पत्रकार, आणि टेकऑफच्या आधीच इंजिनाला आग लागली. कोणाला काही झालं नाही पण नव्या कंपनीची याहून वाईट सुरुवात काय असणार, तरी ती उभी राहिली. दुसरा कोणी असता तर तिथेच गाशा गुंडाळला असता असं मला आजही वाटतं.

आता विमानाकडे येते कारण खरी मजा तिथे आहे. सुरुवातीची विमानं एटीआर ४२, पंख्याची, ४८ सीटची. नंतर एटीआर ७२ आली, २००४ पासून एअरबस ए३२० पण होती, तिच्यात १८० सीट, कारण बिझनेस क्लास नाही आणि मोठं किचन नाही. पण माझा जीव एटीआरवर. लोक तिला बघून नाक मुरडायचे, पंख्याचं विमान म्हणजे जुनाट असं वाटायचं त्यांना. अहो, त्या विमानामुळेच तर तुमच्या गावापर्यंत सेवा येत होती. छोटी धावपट्टी चालते, शिडी लागत नाही कारण दारातच पायऱ्या आहेत, आणि जेटपेक्षा इंधन खूप कमी पितं. शिवाय सरकारचा नियम होता की ऐंशीपेक्षा कमी सीटच्या विमानाला लँडिंग चार्ज नाही आणि छोट्या विमानांच्या इंधनावर सेल्स टॅक्स फक्त ४ टक्के. आपल्याकडे एअरलाइनच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा इंधनाचा, त्यामुळे हा फरक काही चिल्लर नव्हता.

एटीआरला मागे छोटं इंजिन नसतं, जे बाकीच्या विमानांना जमिनीवर असताना वीज आणि एसी पुरवतं ते. मग जमिनीवर उभं असताना करायचं काय, तर उजवं इंजिन चालूच ठेवायचं पण त्याच्या पंख्याला ब्रेक लावायचा. इंजिन घुमतंय, वीज मिळतेय, एसी चालू, आणि पंखा मात्र जागच्या जागी थांबलेला. याला हॉटेल मोड म्हणतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते खोटंच वाटलं होतं. डावं इंजिन पूर्ण बंद करतात कारण दोन्ही दारं डाव्या बाजूला आहेत, प्रवाशांचं मागे आणि सामानाचं पुढे. बरोबर वाचलंत, सामान पुढे, कॉकपिट आणि प्रवासी यांच्या मधे. आणि सगळे प्रवासी मागच्या दाराने एकदम चढले तर शेपूट जड होऊन विमान मागे कलंडू शकतं, म्हणून शेपटीखाली एक दांडा उभा करतात, टेल प्रॉप. तो लावल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि तो काढल्याशिवाय विमान हलवायचं नाही, हे आमच्या डोक्यात इतकं भरवलेलं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू.

टर्नअराउंड म्हणजे विमान येऊन थांबल्यापासून परत निघेपर्यंतचा वेळ. एटीआरला आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं असायची. त्यात काय काय व्हायचं बघा, मार्शलर हाताने खुणा करत विमान आणून उभं करतो, चाकांना चॉक म्हणजे अडणी लागतात, टेल प्रॉप लागतो, मागचं दार उघडून लोक उतरतात आणि कोचमध्ये, म्हणजे टर्मिनलला नेणाऱ्या बसमध्ये, बसतात, तेवढ्यात पुढून लोडर सामान काढायला लागलेले असतात, आतमध्ये केबिन क्रूच सीटचे पट्टे नीट करतेय, कचरा गोळा करतेय (सफाईला वेगळी माणसं नाहीत, हाही पैसा वाचला), इंजिनिअर विमानाभोवती फिरून बघतोय, इकडे गेटवर पुढच्या फेरीची माणसं सोडायची तयारी, आणि मी हातात कागद घेऊन धावतेय. जेवण चढवायचं नाही, कारण फुकट जेवण नाहीच, पाण्याची बाटली आणि खायचे डबे विकत. गरम जेवणाची गाडी येऊन लागणं, तिचा माल मोजून घेणं यात दुसऱ्या कंपन्यांचा जो वेळ जायचा तो आमचा वाचायचा. लोकांना वाटायचं की हे पाणीसुद्धा देत नाहीत, किती कंजूष. पण पाण्याच्या बाटलीचे पैसे वाचवणं हा त्यातला छोटा भाग होता, मोठा भाग हा वेळेचा. विमान भाड्याचं, त्याचं भाडं तास मोजत असतं, ते जमिनीवर उभं राहिलं की नुसता खर्च. प्रत्येक फेरीत वीस मिनिटं वाचली तर दिवसाच्या शेवटी एक जास्तीची फेरी बसते, आणि त्या जास्तीच्या फेरीतच स्वस्त तिकिटं परवडतात. हे मला कोणी मॅनेजरने सांगितलं नाही, ड्यूटी रोस्टर बघून बघून समजलं.

माझ्या हातातला कागद म्हणजे लोड अँड ट्रिम शीट, विमानातलं वजन आणि तोल यांचा हिशेब. त्याची परीक्षा वेगळी असते, पास झाल्याशिवाय सही करता येत नाही. मी ती परीक्षा दिली आणि तेव्हापासून काउंटरपेक्षा हेच काम जास्त केलं. एक लांब कागद, त्यावर आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी म्हणजे विमानाचा एक भाग, पुढचं सामान, मागचं सामान, प्रवाशांचे ए बी सी डी झोन. मोठ्या माणसाचं वजन ७५ किलो धरायचं, लहान मुलाचं ३५, तान्ह्या बाळाचं १०, मग समोरचा माणूस पैलवान असो की काडी. वरच्या आकड्यापासून पेन्सिलीने रेघ खाली आणायची, प्रत्येक पट्टीत जेवढं वजन तेवढी रेघ डावी-उजवीकडे सरकवायची, परत खाली, परत सरकवायची, असं करत शेवटी जी रेघ उतरते ती खालच्या चौकटीच्या आत पडली पाहिजे. आत पडली म्हणजे विमान तोलात. बाहेर पडली तर सामान हलवा नाहीतर माणसं हलवा. कार्बन घालून प्रती काढायच्या, एक विमानाच्या पायलटकडे, त्यांची सही घ्यायची, एक आपल्याकडे. ऐनवेळी कोणी वाढलं किंवा कमी झालं तर त्याचा वेगळा रकाना. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो पण मी हाताने केलंय आणि ती रेघ चौकटीत बरोबर मधे उतरली की जो आनंद व्हायचा तो मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळाला नाही.

गंमत अशी की आमच्याकडे सीट नंबर नव्हते. फ्री सीटिंग. आधी येईल तो हवी ती जागा घेईल. यामुळे लोक गेटवर वेळेत यायचे आणि कोचमधून उतरल्यावर अक्षरशः पळायचे, बोर्डिंग पटापट व्हायचं, वेळ वाचायचा, पण ट्रिमवाल्याच्या डोक्याला ताप. कारण एटीआरचं दार मागे, त्यामुळे विमान अर्धं रिकामं असलं की सगळे आत शिरल्या शिरल्या मागेच बसायचे आणि पुढचं सगळं मोकळं. माझी रेघ जायची चौकटीबाहेर.

मुंबई-कोल्हापूरच्या एका फेरीला असंच झालं. गर्दी नव्हती, सगळे मागच्या रांगांमधे. केबिन क्रूची मुलगी बंगळुरूकडची, तिला मराठी येईना, म्हणून मी वर चढले. शेवटून दुसऱ्या रांगेत एक आजोबा-आजी, आजोबांच्या डोक्याला फेटा, आजींच्या मांडीवर पिशवी, पट्टा लावून घट्ट बसलेले. मी म्हटलं, आजोबा, जरा पुढच्या रांगेत याल का, विमानाचा तोल सांभाळायचाय. आजोबा म्हणाले, "अगं पोरी, आमी दोघंच हाय, आमच्यानं काय तोल जातोय?" मी म्हटलं तुम्ही आलात की बाकीचे पण येतील. ते आजींकडे बघायला लागले. आजी म्हणाल्या, "उठा की, बैलगाडीत पण धुरेकडं सरकून बसतोच न्हवं, मागं वजन झालं की जू वर उचलतंय." आणि पट्टा काढून त्याच आधी उठल्या. वर्गात सरांनी दोन दिवस बोर्डावर आकृत्या काढून जे शिकवलं होतं ते आजींनी एका वाक्यात सांगितलं आणि त्यांच्यामागे सगळी रांग पुढे गेली. मी खाली येऊन कागद बरोबर केला, सही घेतली, विमान वेळेत गेलं.

अशी माणसं यायची. चप्पल काढून विमानात चढणारे, डबा घेऊन येणारे, खिडकीची काच उघडते का विचारणारे. कोल्हापूरहून येणारे गुळाच्या ढेपा आणायचे आणि सामानाचं वजन जास्त झालं की तिथेच काउंटरवर वाटून टाकायचे. हॉस्पिटलला मुंबईला येणारे पेशंट, परीक्षेला चाललेली पोरं, आखातातून सुट्टीवर आलेले आणि पुढे गावी जाणारे. मला या लोकांबद्दल कोणी हसून बोललं की अजून राग येतो. रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर आयुष्य काढलेली माणसं होती ती, पहिल्यांदा त्यांना कोणीतरी विमानाकडे बोलावलं होतं. आणि बोलावलं तेही कोणाच्या हाताने, तर आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनच्या. तोच तो चौकड्यांचा कोट आणि धोतरवाला, एअर डेक्कनचा मॅस्कॉट होता. ज्या माणसाने पन्नास वर्षं नुसतं कोपऱ्यात उभं राहून बघितलं तो विमानावर आला, यापेक्षा योग्य चित्र त्या कंपनीला मिळालं नसतं.

आता तिकिटाचं. काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे शेजारच्याने माझ्या निम्म्या पैशात तिकीट काढलंय, मला का लुबाडलं. लुबाडलं नव्हतं. आमच्याकडे परतीचं तिकीट, शनिवारची रात्र राहायची अट वगैरे जुन्या भानगडी नव्हत्या, सीट गटागटाने विकल्या जायच्या, पहिल्या थोड्या अगदी स्वस्त, त्या संपल्या की पुढचा गट जरा महाग, असं करत शेवटच्या दिवशी घेणाऱ्याला बरेच पैसे पडायचे. एक रुपयाच्या सीट प्रत्येक फेरीत अगदी मोजक्या, आणि वर दोनशेच्या वर पॅसेंजर सर्व्हिस फी, जी कंपनीकडे राहत नव्हती. पण एक रुपया ऐकून लाखो लोक वेबसाइटवर गेले, कॉल सेंटरला फोन केले, ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही ते हिंदुस्थान पेट्रोलियमच्या पंपावर तिकीट विचारायला गेले, कारण तिथेही विक्री होती. आणि कागदी तिकीट नाही, एक पीएनआर नंबर, तो वहीच्या पानावर लिहून आणला तरी चालायचा, एक काका तो तळहातावर लिहून घेऊन आलेले मला आठवतात, घामाने शेवटचं अक्षर पुसलं होतं, आडनावावरून शोधून दिलं. एजंटचं कमिशन, तिकिटाचा कागद, मोठ्या रिझर्व्हेशन सिस्टिमची फी, सगळं वाचलं.

मग बंद का पडली? माझं मत सांगते, रॅम्पवरून जेवढं दिसलं त्यावर. २००५ ला मे महिन्यात स्पाइसजेट आली, किंगफिशर आली, नोव्हेंबरात गोएअर, २००६ च्या ऑगस्टमध्ये इंडिगो. सगळ्यांनाच पायलट पाहिजेत, सगळ्यांनाच मुंबई-दिल्लीच्या वेळा पाहिजेत, आणि मुंबईच्या आकाशात जागाच नाही, विमानं वर घिरट्या घालताहेत आणि इंधन जळतंय. मुंबईच्या वर अर्धा तास फिरलं की आम्ही खाली वाचवलेली वीस मिनिटं गेली ना. त्यात डेक्कनचा पसारा फार पटकन वाढला, नुसत्या २००५ मध्ये ३० नव्या एटीआरची ऑर्डर, एअरबसची वेगळी, दोन प्रकारची विमानं म्हणजे दोन प्रकारचे पायलट, दोन प्रकारचे सुटे भाग, आणि साठच्या वर शहरं. इंडिगोने एकाच प्रकारचं विमान घेतलं आणि पहिली कित्येक वर्षं दुसरं घेतलंच नाही. डेक्कनला छोटी गावं पण जोडायची होती आणि मोठ्या शहरांत पण लढायचं होतं. मला यात कॅप्टनना दोष द्यावासा वाटत नाही कारण छोट्या गावांसाठीच तर ती कंपनी होती, पण पैसे कमी आणि स्वप्न मोठं हे खरं. मे २००६ मध्ये शेअर बाजारात आले आणि नेमका त्याच महिन्यात बाजार कोसळला, इश्यूला, म्हणजे शेअर विक्रीला, मुदत वाढवून द्यावी लागली आणि शेअर लिस्ट झाला तो इश्यूच्या भावाच्या खालीच.

३१ मे २००७ ला बातमी आली की किंगफिशरवाल्या मल्ल्यांच्या ग्रुपने २६ टक्के हिस्सा घेतला, ५५० कोटी रुपयांना. आम्ही ड्यूटीवरच होतो, टीव्हीवर बघितलं. बरेच जण खूश होते, पैसा आला म्हणून, आणि मीही होते. नंतर हळूहळू कळत गेलं. त्या वेळी नियम होता की देशात पाच वर्षं उडल्याशिवाय आणि २० विमानं असल्याशिवाय परदेशात उडता येत नाही. किंगफिशर २००५ ची, डेक्कन २००३ ची. म्हणजे डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ ला भरणार होती. दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि ३ सप्टेंबर २००८ ला किंगफिशरचं बंगळुरू-लंडन सुरू झालं. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

मधल्या काळात नाव बदलत गेलं, २००७ च्या ऑक्टोबरात सिंप्लिफ्लाय डेक्कन, मग ऑगस्ट २००८ मध्ये किंगफिशर रेड. विमानांवरचे दोन जोडलेल्या तळव्यांसारखे पंख गेले, त्या जागी लाल रंग आणि तो पक्षी. कॉमन मॅन कधी गेला ते नेमकं आठवत नाही, एक दिवस काउंटरच्या मागचं पोस्टर नव्हतं एवढंच. तिकिटं महाग झाली, कारण त्याच लाल रंगाची एक महागडी सेवा शेजारी उभी असताना स्वस्त सेवा मालकालाच नकोशी होते, आणि गिऱ्हाइकालाही कळेना की ही स्वस्तवाली आहे की दुसरी. माझ्या मते इथे ती संपली, हिशेबाच्या वहीत नंतर संपली असेल. ज्याला विमान परवडत नव्हतं त्याच्यासाठी उभी केलेली सगळी पद्धत, फ्री सीटिंग, पटापट टर्नअराउंड, साधं विमान, ही लपवायची गोष्ट झाली. गोपीनाथांनी स्वतःही नंतर जाहीरपणे म्हटलंय की स्वस्त ब्रँड वेगळा ठेवायला हवा होता. मी २००८ संपायच्या आत दुसरीकडे लोड कंट्रोलला लागले.

पुढचं पेपरात सगळ्यांनी वाचलंय. २०११ च्या सप्टेंबरात मल्ल्यांनी जाहीर केलं की किंगफिशर रेड बंद, आणि २० ऑक्टोबर २०१२ ला डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, किंगफिशरचा परवानाच सस्पेंड केला. कॅप्टन मधे नागपूरला हब करून डेक्कन ३६० नावाची माल वाहतुकीची कंपनी चालवत होते, तीही २००९ ते २०११ एवढीच. कल्पना मात्र चांगली होती, देशाच्या मधोमध नागपूर, रात्री सगळीकडून माल तिथे आणायचा आणि पहाटे वाटायचा.

मग छोटी शहरं विमानाने जोडायची सरकारची उडान योजना आली, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटचं भाडं २५०० च्या आसपास बांधून द्यायचं आणि तूट सरकार भरणार. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कन हे नाव परत आलं, तेही आपल्याकडेच, मुंबईहून नाशिक आणि जळगाव, बीचक्राफ्ट नावाचं वीसेक सीटच्याही आतलं इवलंसं विमान. मला किती आनंद झाला सांगू शकत नाही, जुन्या ग्रुपमध्ये दिवसभर मेसेज चालू होते. पण मुंबईत स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरलेली वेळ, मिळणं ही तीच जुनी अडचण, विमानं मोजकीच, आणि एप्रिल २०२० ला कोरोनात तीही थांबली.

मागच्या वर्षी पुण्याहून सिंधुदुर्गला गेले, फ्लाय९१ ची एटीआर ७२-६००, गोव्याची कंपनी आहे, जळगावलाही जाते. मुद्दाम मागची सीट घेतली. उतरल्यावर रॅम्पवरच्या मुलीला विचारलं की टर्नअराउंडला किती मिनिटं देतात तुम्हाला. तिने आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग आकडा सांगितला. आम्हाला मिळायची त्यापेक्षा फार वेगळी नव्हती. ट्रिम हाताने काढता येते का विचारलं तर म्हणाली, परीक्षेपुरती शिकलो, आता टॅबवर असते. मग तिला वॉकी-टॉकीवर बोलावणं आलं, ती पळाली, आणि आमच्या मागे पुण्याला परत जाणारी माणसं रांगेत उभी राहायला लागलीच होती.